चौथ्या भागावरची तुझी हरकत

शालन, संपादकाची मेल तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आली. त्या बिचाऱ्याला काय माहीत. आपला लेख घेतोय म्हणाला. पहिले तीन भाग परीक्षकांना आवडले, चौथ्यावरही कुणाची तक्रार नाही. फक्त दोन्ही लेखिकांनी शेवटचा मसुदा वाचून मान्य केला आहे, एवढं कळवा. मी तेव्हा तोंडवलीत तुमच्या पडवीत बसले होते. आत बायका तुझ्याबद्दल बोलत होत्या. मी त्याला लगेच लिहिलं की दुसरी लेखिका कालच वारली. त्याचं फार सभ्य उत्तर आलं. दुःख व्यक्त केलं आणि पुढे म्हणाला, अशा वेळी हयात लेखकाने दिवंगत लेखकाची संमती गृहीत धरली तरी चालते.

चालत असेल. पण चौथा भाग तुला मान्य नव्हता, हे मला माहीत होतं, तुला माहीत होतं, आणि तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. तू कशी गेलीस, कुठे शिकवलंस, किती वर्षं नोकरी केलीस, हे सगळं इतर लोक लिहितील. कॉलेजचे लोक शोकसभेत सांगतील. मला इथे एकाच गोष्टीचा निकाल लावायचा आहे. तुझं नाव मी त्या चौथ्या भागाखाली घालू की नको?

तुझ्या भावाला, वामनला, मी विचारलं. विचारायला नको होतं असं नाही, पण उत्तर काय येणार हे ठाऊक होतं. तो पाहुण्यांच्या खोल्यांच्या चाव्या बाजूला ठेवून म्हणाला, "मंदाताई, तुमी दोघा एका पानात जेवलात. तिका पटलां नसतां तर ती बोलल्याशिवाय रवली असती काय? घाला तिचां नाव आनि पाठवन देवा."

वामन प्रेमाने बोलला. पण तू ते ऐकलं असतंस तर त्याला तिथल्या तिथे फळ्यापाशी उभं केलं असतंस. बहीण गप्प बसली, म्हणून बहिणीला पटलं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

आपली ओळखच अशा एका वाक्यावरून झाली. कोल्हापूरला एम. एस्सी.चा वर्ग, तर्कशास्त्राचा पहिला आठवडा. सरांनी फळ्यावर एक साधा नियम लिहिला: एखादं विधान खरं असेल, तर ते 'किंवा' दुसरं कुठलंही विधान, हेही खरं. उदाहरण मागितलं तर मी पुढच्या बाकावरून मोठ्या उत्साहाने दिलं, कारण मी फोंडाघाटची, आणि वर्गात तू मालवणकडची आहेस हे मला कळलं होतं. म्हटलं, "देवगडचे आंबे पिकले आहेत, म्हणून देवगडचे आंबे पिकले आहेत किंवा होडी बुडाली आहे." वर्ग हसला. सर म्हणाले, उत्तम. तू मागून उभी राहिलीस.

"आंबे पिकले, बरां. पन होडीचां नाव कोणी काढलां?"

सरांना मालवणी कळत नव्हतं. तू तेच शुद्ध मराठीत पुन्हा विचारलंस. सर म्हणाले, त्याने काही बिघडत नाही, वाक्य खरंच राहतं. तू खाली बसलीस, पण तास संपल्यावर जिन्यात मला गाठलंस. "गो फोंड्याच्या चेडवा, ज्येचो माणूस दर्यात गेलो आसा, तेच्या घराक जावन ह्यां वाक्य बोलून बघ." तुझे वडील तेव्हा रोज होडी घेऊन जात होते. मला वाईट वाटलं नाही, राग आला. गणिताच्या वर्गात घरच्या गोष्टी आणायच्या नसतात असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे.

पण त्या रागातूनच आपलं सगळं निघालं. निष्कर्षात तीच नावं येऊ द्यायची, जी गृहीतकांत आधी आलेली आहेत. विधानाच्या नावाऐवजी आपण एकेक अक्षर लिहायचो; नवं अक्षर मागल्या दाराने आत शिरू द्यायचं नाही. जगात या विषयावर आधीच लोक काम करत होते, हे आपल्याला पुष्कळ उशिरा कळलं. तोपर्यंत आपण दोघी वसतिगृहाच्या खोलीत बसून मोठा शोध लावल्याच्या थाटात वावरत होतो. कळलं तेव्हा मी हिरमुसले, आणि तू म्हणालीस, "बरां झालां, आपून येड्ये नाय." तुझं हे मला नेहमीच आवडत आलं. दुसऱ्याला आधी सुचलं की तुला सोबत मिळाल्यासारखं वाटायचं.

तुला हा विषय इतका जवळचा का, ते तू मला दुसऱ्या वर्षी सांगितलंस. तुझ्या शिक्षणाचा प्रश्न गावच्या देवळात कौलाला लागला होता. पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, देवाला विचारायचं, उजवीची पडली तर होकार, डावीची पडली तर नकार. विचारायला तुझा मामा उभा राहिला, आणि त्याने घाईत दोन्ही प्रश्न एकाच दावणीला बांधले: "चेडवाक कोल्हापुराक शिकाक धाडूचां, आनि देवगडच्या स्थळाक होकार देवचो, ह्यां बरां दिसता काय?" पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. माणसं बसून बसून कंटाळली. शेवटी मामा म्हणाला, देव बोलत नाही म्हणजे नाहीच म्हणतोय, दोन्ही रद्द. तेव्हा खांबाआडून तू बोललीस.

"देवगडच्या झिलाची सुपारी दुसरीकडे फुटली. देव काय सांगतलो?"

गुरव वळला. "तुका कधी कळलां गो ह्यां?"

"गेल्या आठवड्यात."

"मगे बोलाक काय झालां होतां?"

"देवाक कळता काय, ता बघी होतंय."

मामा तुझ्या अंगावर धावून आला म्हणे. पण गुरवाने पाकळ्या पुन्हा लावल्या, एकट्या शिक्षणाचा प्रश्न घातला, आणि उजवी पडली. तुझा त्या कौलावर काडीचा विश्वास नव्हता. "पाकळी सुकली, पडली," म्हणायचीस. पण जे स्थळ उरलंच नाही त्याच्याबद्दलचा प्रश्न खराही नसतो आणि खोटाही नसतो, तो निरर्थक असतो, आणि 'आणि'ने त्याला जे जे बांधाल ते सगळं निरर्थक होतं, हे तुला त्या दिवशी देवळात दिसलं. मामाची चूक विचारण्यात होती, आणि त्याहून मोठी चूक पुढे होती: न मिळालेल्या उत्तराला त्याने 'नाही' म्हटलं. तुझं सगळं आयुष्य त्या एका 'नाही'वर अडकलं असतं.

पुढे तू मालवणला शिकवायला लागलीस, मी कोल्हापुरातच राहिले, आणि आपण सुट्ट्यांवर लेख लिहीत राहिलो. मी घाट उतरून यायची. तुझ्या स्वयंपाकघरात तू तिसऱ्यांच्या शिंपल्या निवडायचीस आणि मी वही उघडायची. एकदा तू एक शिंपली उचलून नाकाला लावलीस आणि माझ्यासमोर धरलीस. "ही एक मेलेली कालवणात गेली काय आख्खां टोप वतूक होया. हीच आपली तिसरी किंमत." विधानाची एक किंमत खरी, एक खोटी, आणि ही तिसरी, निरर्थक. मी म्हटलं, लेखात असं लिहिता येत नाही. तू म्हणालीस, मग लेखात काय लिहिता येतं ते तू लिही, मी तिसऱ्या निवडते.

आणि खरंच तशीच वाटणी झाली. दिसायचं तुला, लिहायचं मी. वामनने पर्यटकांसाठी खोल्या काढल्यावर तुला फळा मिळाला. त्यावर सुरमई थाळी, बांगडा थाळी, सोलकढी असं लिहिलेलं असायचं, आणि त्याखाली तुझ्या चौकटी आणि बाण. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाने तो समुद्राखाली पोहायला नेतात तिथला नकाशा समजून फोटो काढला. तू त्यांना थांबवलं नाहीस. उलट कुठून खाली उतरायचं तेही दाखवलंस. मी तुला म्हटलं, लोकांना फसवतेस. तू म्हणालीस, त्यांनी बाणच विचारले, मी बाणच सांगितले.

त्या चौकटी म्हणजे आपली बीजगणितं. आपल्या कामात एकच मोठं बीजगणित नसतं, पुष्कळ लहान लहान असतात, आणि तू त्यांना खोल्या म्हणायचीस. प्रत्येक खोलीचा आपला हिशेब असतो. दोन खोल्यांतल्या दोन गोष्टी जोडायच्या तर दोन्हींना जिन्याने वरच्या अशा खोलीत न्यायचं, जिथे दोन्हींनाही पोचता येतं, आणि तिथे हिशेब करायचा. जिने फक्त वर जातात. एकदा वर गेलेलं खाली आणता येत नाही, म्हणून तर एका निरर्थक अक्षराने सगळं वाक्य वर ओढलं जातं. हे मी लोकांना तासभर समजावून सांगायची. तू वामनच्या घराकडे बोट दाखवून सांगायचीस, आणि तुझंच समजायचं. मला याचा मत्सर वाटायचा, आणि तो अजून गेलेला नाही.

आता चौथा भाग.

निष्कर्षात नवं नाव येऊ द्यायचं नाही, या आपल्या नियमाला पुस्तकात एक अपवाद आहे. गृहीतकंच एकमेकांच्या विरुद्ध असतील, तर त्यांतून काहीही निघतं. अगदी ज्याचं नाव कुणी घेतलेलं नाही तेसुद्धा. ती सगळी एकाच वेळी खरी होऊच शकत नाहीत, तेव्हा ती खरी आणि निष्कर्ष खोटा असं कधी घडणार नाही, म्हणून अनुमान आपोआप वैध. मला तो अपवाद सुंदर वाटतो. तो आपण ठरवलेला नाही, बीजगणितातून आपसूक येतो. तू तो वाचलास आणि खडू खाली ठेवलास.

"म्हंजे भांडान लागलां काय कोणाचांव नाव घेवक मोकळे?"

मी म्हटलं, गणित म्हणजे शिष्टाचार नव्हे. पण तू ऐकेनास. त्याच उन्हाळ्यात वामन आणि तुमचा चुलतभाऊ यांच्यात पर्यटकांच्या होड्या लावायच्या जागेवरून जुंपली होती. चुलतभाऊ आदल्या दिवशी जागा सामायिक म्हणाला आणि त्या दिवशी एकट्याची म्हणाला. वामनही काही कमी नव्हता. दोघांचंही बोलणं इतकं उलटसुलट झालं की शेवटी मेलेल्या आईपर्यंत पोचलं. मी पडवीत होते, चहाचा कप हातात. तू आतून आलीस. आवाज चढवला नाहीस.

"आवशीक कित्याक हाडतास मधी? ती ह्या भांडणात खंय आसा?"

भांडण मिटलं नाही, पण आई त्यातून बाहेर गेली. मग तू माझ्याकडे वळून म्हणालीस, बघ, तुझा अपवाद. मी म्हटलं, एका भांडणावरून सिद्धान्त होत नाही. तू म्हणालीस, मला सिद्धान्त नको, अपवाद नसलेलं बीजगणित हवं. आणि फळ्यावर दोन खोल्या काढल्यास, रिकाम्या, एकावर एक. म्हणालीस, ह्या दोन खोल्या जोडून बघ. मी नीट बघितलंही नाही. रिकामी खोली म्हणजे एकाच किमतीची, आणि तिला गणितात खोली मानतच नाहीत. तिच्यात होय आणि नाही एकच, तिथे करण्यासारखं काही नसतं. मी म्हटलं, रिकामी घरं जोडून कधी गाव होतं का? फळा पुसून तिथे तू बांगडा थाळी लिहिलीस.

त्यानंतर तू चौथ्या भागाचं नाव काढलं नाहीस. मी तो माझ्या पद्धतीने, अपवादासकट पुरा केला, तुला पाठवला आणि संपादकालाही. फोन होत राहिले. शेवटच्या फोनवर तू तिसऱ्या सध्या कशा मिळत नाहीत ते सांगितलंस, गुडघ्याचं सांगितलंस, वामनची सून पाहुण्यांशी इंग्रजीत बोलते त्याची नक्कल केलीस. मी चौथ्याचं विचारलं नाही. तूही काढलं नाहीस. वामन म्हणतो, म्हणजे पटलं. माझ्या मनात अधूनमधून येतं, म्हणजे तू माझ्यावर रागावली होतीस. दोन्ही एकाच जातीचे निष्कर्ष आहेत. त्या फोनमध्ये तिसऱ्या होत्या, गुडघा होता आणि सून होती. चौथा भाग नव्हता, रागही नव्हता. त्यातून यातलं काहीच निघत नाही.

मेल आली त्या दिवशी बायका आत काय बोलत होत्या, तेही सांगते. लगीन केलां नाय, म्हणान गणितात रमली. देवाक मानी नसली, म्हणान अशी पटकन गेली. एकीने तर मला बाहेर येऊन सांगितलं, तुम्ही कोल्हापुरात होतात म्हणून ती एकटी पडली. ती रडत होती, मी तिला काही बोलले नाही. पण तुझ्याच घरात, तुझ्याच फळ्याखाली, तुझ्याबद्दल हे चाललं होतं आणि अडवायला तू नव्हतीस. शालन, मला त्या क्षणी तुझी फार गरज वाटली. रडायला नव्हे. भांडायला.

मी तोंडवलीत राहिले. संपादकाला उत्तर द्यायचं होतं आणि मला काही सुचत नव्हतं. वामनने खोल्यांची आरक्षणं रद्द केली होती, फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. एका दुपारी मी खडू घेतला आणि तुझ्या दोन रिकाम्या खोल्या काढल्या. हेतू चांगला नव्हता. त्या चालत नाहीत हे एकदाचं सिद्ध करावं, म्हणजे अपवाद राहील, माझा चौथा भाग राहील, आणि तुझी हरकत चुकीची होती म्हणून तुझं नाव घालायला मन धजेल, असा तो बेत होता.

खालच्या खोलीत एकच किंमत, आणि ती मान्य. वरच्या खोलीत एकच किंमत, आणि ती अमान्य. गृहीतकांत आलेली सगळी अक्षरं खाली बसवायची. जी आली नाहीत, ती वर. आता गृहीतकं आपसात कितीही भांडू देत. खाली होय आणि नाही एकच असल्यामुळे ती सगळी मान्य ठरतात. आणि निष्कर्षात एक जरी नवं नाव असलं, तर ते सगळा निष्कर्ष जिन्याने वर घेऊन जातं, आणि वर तो अमान्य. अनुमान पडलं. एवढंच. नेहमीच्या बीजगणितात जे टिकतं आणि या दोन खोल्यांतही टिकतं, तेच आपलं अनुमान. अपवादाची गरजच उरत नाही. मी पुन्हा तपासलं. मग चुका शोधायच्या म्हणून तपासलं. सगळं मिळून अर्धा फळा भरला.

अर्धा फळा, शालन! आणि त्यासाठी मी तुझ्याशी सबंध उन्हाळा वाद घातला. पुढचे तपशील आहेत, ते मी लिहीन, ते मला येतं. पण गाभा तुझा आहे, आणि तो तू मला उभ्या उभ्या दाखवला होतास. वामन चहा घेऊन आला आणि फळ्याकडे बघून म्हणाला, "तिचीच चित्रां काढलास मगे?" मी हो म्हटलं. त्याने डोळे पुसले आणि कप खाली ठेवला. मग मीही रडले, तू गेल्यानंतर पहिल्यांदा.

चौथा भाग मी नव्याने लिहिला. अपवाद काढला. संपादकाला कळवलं, पण मामासारखं सगळं एका वाक्यात न बांधता, वेगवेगळ्या वाक्यांत: पहिले तीन भाग शालनने वाचले आणि मान्य केले. चौथ्या भागातली कल्पना शालनची आहे, म्हणून तिचं नाव त्यावर आलंच पाहिजे. चौथ्या भागाची सिद्धता मी लिहिली आहे, शालनने ती पाहिलेली नाही, आणि तिची संमती मी गृहीत धरत नाही. हे असंच्या असं छापणार असाल तर छापा. त्याने विचारलं, इतकं स्पष्ट लिहायची खरंच जरुरी आहे का? मी म्हटलं, आहे. तो छापतो म्हणाला.

हे वाचून तू म्हणाली असतीस, "सांगलां नाय होतां तुका?" आणि खडू माझ्या डोक्यात हाणला असतास.

नाही. हे वाक्य मला लिहिता येत नाही. तू काय म्हणाली असतीस, ते माझ्यापाशी असलेल्या कशातूनही निघत नाही. ते मीच वरून घालते आहे, कारण मला ते ऐकायचं आहे. माझ्यापाशी आहे ते इतकंच: तू बरोबर होतीस, शालन. मला ते समजलं तेव्हा तुझं घर उघडं होतं, फळा होता, खडू होता, आणि मी हे मोठ्याने बोलले तेव्हा ऐकायला तुझा भाऊ होता, आणि त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.